रेफरीनं मॅच घालवली म्हणता, पण नेमकी कुठं घालवली?

फायनलमध्ये आपली टीम हरली की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असते, "रेफरी विकल्या गेला होता बे." मग कोणीतरी मोबाइल काढतो, क्लिप थांबवतो, दोन बोटांनी मोठी करतो अन् सगळे त्या स्क्रीनमध्ये डोकं घालून निकाल देतात की पेनल्टी होतीच. आमच्या इकडं वेड क्रिकेटचंच जास्त, पण २०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप मोबाइलवर फुकटात दिसला तेव्हापासून कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री शेकोटीजवळ बसून मेस्सी-एम्बाप्पेवरून भांडणारे पोट्टे गावोगाव झाले. ती फायनल १८ डिसेंबरची, आपल्याकडं रात्री साडेआठची, अर्जेंटिना अन् फ्रान्स ३-३ अन् मग शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२. त्या मॅचच्या रेफरीवरून अजूनही कुठं कुठं वाजते.

मी काही रेफरीचा वकील नाही. चिडायचा हक्क पाहणाऱ्याचा आहेच, पण "रेफरी खराब" या एका शिवीत आपण सगळंच कोंबून टाकतो. कधी त्याला दिसलेलंच नसते. कधी दिसलेलं असते पण नियमच असा असतो की चार माणसं बसवली तर दोन इकडं अन् दोन तिकडं. अन् कधी दिसलंही असते, नियमही साफ असतो, तरी कानात बोलण्याच्या गडबडीत घोटाळा होतो. हे वेगवेगळं केलं नाही तर व्हीएआर, म्हणजे स्क्रीनसमोर बसलेला व्हिडिओ रेफरी, आल्यावरही भांडणं काऊन कमी झाली नाहीत हे समजतच नाही.

कापूस मार्केटात नेला की आपला जीव दोन ठिकाणी वरखाली होतो, एक काट्यावर अन् दुसरा ग्रेडरसमोर. काट्यावर आकडा दिसते, पटला नाही तर काटा तपासा म्हणता येते. ग्रेडर मात्र गाडीतून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून पाहतो अन् सांगतो की माल हलका आहे, आता त्याला चूक म्हणायचं तर कशाच्या आधारावर म्हणायचं? फुटबॉलमध्येही काही निर्णय काट्यावरचे असतात अन् काही ग्रेडरच्या मुठीतले.

काट्यावरचा सगळ्यात सोपा निर्णय म्हणजे बॉल लाइनच्या बाहेर गेला का. नियम असा की पूर्ण बॉल पूर्ण लाइनच्या पार गेला पाहिजे, हवेत असो की जमिनीवर. बॉल साधारण २२ सेंटीमीटर जाड, म्हणजे तो जमिनीला टेकतो ती जागा लाइनच्या बाहेर असली तरी त्याची फुगलेली बाजू वरून लाइनवर असू शकते, अन् तेवढ्यावर बॉल खेळातच राहतो. २०२२ मध्ये जपाननं स्पेनला २-१ हरवलं तेव्हा जपानच्या मितोमानं ज्या बॉलवर पास दिला तो बाजूच्या फोटोत सरळ सरळ बाहेर दिसत होता, वरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर जेमतेम आत. त्या गोलमुळं जर्मनीचं बिऱ्हाड घरी गेलं. पानठेल्यावरची थांबवलेली क्लिप तिरप्या कोनातून घेतलेली असते, ती असंच फसवते.

पण याच नियमावर आपल्याला खरोखर लुटलं ते दोहात. ११ जून २०२४, वर्ल्ड कप क्वालिफायर, भारत विरुद्ध कतार. आपल्या छांगतेनं ३७ व्या मिनिटाला गोल मारून ठेवलेला, भारत १-० पुढं. ७३ व्या मिनिटाला फ्री किकवर कतारच्या युसुफ आयमनचं हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतनं अडवलं, बॉल त्याच्या बाजूनं घरंगळत पोस्टशेजारून गोललाइनच्या बाहेर गेला, आपले खेळाडू आता कॉर्नर मिळणार म्हणून थांबले, तेवढ्यात कतारच्या एकानं पायानं बॉल बाहेरून परत आत ओढला अन् आयमननं जाळ्यात टाकला. रेफरीनं गोल दिला. गुरप्रीत अन् बाकीचे त्याच्यामागं धावले, हात करून दाखवत होते की बाहेर गेला बाहेर गेला, पण काही उपयोग नाही, क्वालिफायरच्या त्या फेरीत व्हीएआरच नव्हतं. भारत २-१ हरला अन् बाहेर झाला. आपल्या फुटबॉल फेडरेशननं तक्रार केली, निकाल तसाच राहिला.

यात रेफरीला दिसलं काऊन नाही? लाइनवरची गोष्ट लाइनच्या सरळ रेषेत उभं राहूनच दिसते. मैदानातला मुख्य रेफरी समोरून किंवा तिरप्यातून पाहतो अन् त्याच्यामधे दहा-बारा अंगं असतात. सरळ रेषेत असायला पाहिजे तो लाइन्समन, पण त्याचं अर्धं लक्ष ऑफसाइडवर, अन् गोलपोस्ट अन् पडलेला गोलकीपर त्याच्या आड आले की झालं. ही "दिसलं नाही" वाली चूक. चीड आणणारी, पण यावर उपाय आहे, अन् तो त्या रात्री लावलेला नव्हता ही माझी खरी तक्रार. ज्या टप्प्यावर एका गोलानं देशाचं सगळं गणित बदलते तिथं कॅमेरा नाही अन् बड्या लीगच्या साध्या मॅचमध्ये मात्र डझनानं कॅमेरे, हा पैशाचा खेळ आहे, यात त्या रेफरीच्या डोळ्यांचा दोष कमी अन् आयोजकांच्या हिशोबाचा जास्त.

अशाच चुकीवरून १९६६ ची वर्ल्ड कप फायनल गाजली. वेम्बली, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, एक्स्ट्रा टाइम, ज्योफ हर्स्टचा शॉट क्रॉसबारला लागून खाली आपटला. स्विस रेफरी डीन्स्टनं लाइन्समन तोफिक बखरामोवला विचारलं, त्यानं गोल म्हटलं. इंग्लंड ४-२ जिंकलं अन् जर्मन माणूस आजही ते मानायला तयार नाही. बखरामोव अझरबैजानचा, बाकूत त्याच्या नावाचं स्टेडियम आहे! ४४ वर्षांनी उलटं झालं, २०१० मध्ये जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा शॉट बार लागून चांगला हातभर आत पडला अन् गोल दिला नाही. फिफाचा अध्यक्ष सेप ब्लॅटर तोपर्यंत टेक्नॉलॉजीला हो-नाही करत होता, त्यानंतर त्यानं माफी मागितली, २०१२ मध्ये गोललाइन टेक्नॉलॉजी मंजूर झाली अन् २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये आली. आता बॉल आत गेला की रेफरीच्या घड्याळावरच येते. जिथं ही सोय आहे तिथं या प्रश्नावरचं भांडण संपलं.

ऑफसाइडही म्हटलं तर काट्यावरचंच, पण हा काटा कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. नियम थोडक्यात: आपल्या माणसानं बॉलला पाय लावला त्या क्षणी तुम्ही समोरच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्याही पुढं अन् त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं असाल, अन् मग खेळात भाग घेतला, तर ऑफसाइड. शेवटचा बहुतेक गोलकीपर असतो म्हणून शेवटून दुसरा. डोकं, धड, पाय यातलं काहीही पुढं असलं तरी मोजतात, हात मोजत नाहीत. आता लाइन्समनचं काय होते पहा. पास देणारा तिकडं तीस मीटरवर, पळणारा त्याच्यासमोर, अन् त्याला दोन्हीकडं एकाच क्षणी पाहायचं आहे. पायाला बॉल लागलेला पाहून नजर इकडं वळवेपर्यंत पळणारा पुढं निघून गेलेला असतो, म्हणून तो खरा होता त्यापेक्षा पुढं दिसतो. हे डोळ्याचंच तसं आहे, कितीही प्रामाणिक माणूस उभा करा.

बरं कॅमेरा लावला म्हणून सुटलं का? जोरात पळणारा खेळाडू ताशी ३६ किलोमीटरनं जात असेल तर तो सेकंदाला १० मीटर गेला. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेत असेल तर दोन फ्रेमच्या मधे तो २० सेंटीमीटर सरकला, डिफेंडर उलट्या दिशेनं तेवढाच पळत असेल तर मधलं अंतर ४० नं बदललं. मग "नखभर ऑफसाइड" म्हणून जी रेघ स्क्रीनवर दाखवतात ती कोणत्या फ्रेमवर ओढली याच्यावर सगळं. लोकांचा राग इथं अगदीच बिनबुडाचा नव्हता. म्हणूनच २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये छताखाली १२ खास कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा, अन् बॉलच्या आत सेन्सर जो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवतो, असा सगळा बंदोबस्त केला. पायाला बॉल कधी लागला हे आता बॉलच सांगते.

याच्याच जोडीची एक चिडचिड म्हणजे लाइन्समन झेंडा उशिरा काऊन वर करतो. आपल्याला वाटते झोपला होता. त्याला सांगितलेलं असते की गोलची संधी असेल अन् ऑफसाइडचा थोडाही डाउट असेल तर हालचाल पूर्ण होऊ दे, मग झेंडा. कारण शिट्टी वाजली की खेळ मेला, नंतर कॅमेऱ्यात तो ऑनसाइड निघाला तरी त्याचा न मारलेला गोल कोणी देऊ शकत नाही. झेंडा थांबवला तर गोल झाल्यावर रद्द तरी करता येते. म्हणून आपण अर्धा मिनिट नाचतो अन् मग तोंड पाडून खाली बसतो, त्याला इलाज नाही.

आता ग्रेडरवाला भाग, अन् फायनलमधली निम्मीअर्धी शिवीगाळ इथंच होते. हँडबॉल. हाताला बॉल लागला म्हणजे हँडबॉल, हे आपल्या गावच्या मैदानावर चालते, नियमात चालत नाही. मुद्दाम लावला का, किंवा हात अशा ठिकाणी होता का की त्यामुळं अंग विनाकारण मोठं झालं, हे पाहायचं असते. "विनाकारण" म्हणजे किती? तिथंच मेख आहे. २०१८ ची फायनल, फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया, १-१ चालू, कॉर्नरवर फ्रान्सचा मातुइदी उडी मारून चुकला अन् त्याच्या मागं असलेल्या क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला बॉल लागला. अर्जेंटिनाचा रेफरी नेस्टर पिताना, त्यानं आधी काही दिलं नाही, कानात सांगितल्यावर मैदानाबाहेरच्या स्क्रीनवर पाहायला गेला, पाहिलं, निघाला, परत वळून पुन्हा पाहिलं, अन् पेनल्टी दिली. ग्रीझमननं मारली, २-१, शेवटी ४-२. वर्ल्ड कप फायनलमधला व्हीएआरचा तो पहिला निर्णय. आता तुम्हीच सांगा, जो माणूस स्वतः स्क्रीनसमोरून जाऊन परत येतो त्याच्यासाठी ती चूक "साफ अन् उघड" होती का? मला विचाराल तर नव्हती, पण फ्रान्सचा चाहता याच फ्रेमवर बोट ठेवून हात खाली किती आडवा होता ते दाखवेल अन् त्यालाही मी खोटं पाडू शकणार नाही.

हे "साफ अन् उघड चूक" प्रकरण समजून घ्या. २०१८ ला व्हीएआर नियमात आलं तेव्हा त्याला चारच कामं दिली: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड अन् कार्ड चुकून भलत्यालाच दिलं का. अन् तिथंही त्यानं मैदानातल्या रेफरीचं मत बदलायचं नाही, अगदीच उघड चूक असेल तरच टोकायचं. क्रिकेटमधलं अंपायर्स कॉल आठवा, तसंच काहीसं. म्हणून एका मॅचमध्ये तसल्याच टॅकलवर पेनल्टी मिळते अन् दुसरीत मिळत नाही: दोन्हीकडं रेफरीनं आधी वेगळं ठरवलं अन् दोन्हीकडं व्हीएआर "उघड चूक नाही" म्हणून गप्प बसलं. आपल्या टीमच्या वाट्याला हे आलं की तळपायाची आग मस्तकात जाते, अन् ते बरोबरच आहे, कारण दोन्ही निर्णय एकाच वेळी नियमात बसतात हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

अन् स्लो मोशन. टॅकल हळू करून पाहिलं की प्रत्येक लाथ मुद्दाम मारल्यासारखी वाटते. व्हीएआरच्या नियमातच लिहिलं आहे की स्लो मोशन वापरायची ती कुठं लागलं, बॉल बाहेर होता का असल्या गोष्टींसाठी, जोर किती होता किंवा हँडबॉल धरायचा का हे नेहमीच्या स्पीडनं पाहायचं. आपण मोबाइलवर नेमकं उलटं करतो.

२०१० ची फायनल मात्र मी कोणत्याच हिशोबात माफ करत नाही. नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगनं स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीत बूट घातला, सरळ छातीत, अन् रेफरी हॉवर्ड वेबनं येलो दिलं. त्या मॅचमध्ये १४ येलो निघाले अन् नेदरलँड्सच्याच हायटिंगाला दुसरं येलो मिळून तो बाहेर गेला, पण ज्याला पहिल्या अर्ध्या तासात घरी पाठवायला पाहिजे होतं तो एक्स्ट्रा टाइममध्ये बदली होईपर्यंत मैदानावर टिकला. वेबनंच नंतर म्हटलं की ते रेड होतं. तेव्हा व्हीएआर असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता.

गर्दीचंही सांगतो, कारण "होम टीमला देतात" हा आरोप आपण नेहमी करतो अन् त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये २००२ ला एक अभ्यास छापून आला, ४० रेफरींना एकाच मॅचमधले टॅकल व्हिडिओवर दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासहित, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. पैसे नाही, धमकी नाही, फक्त आवाज. आपल्याकडच्या तालुक्याच्या टूर्नामेंटला जाऊन पहा, चुन्याच्या लाइनी दुपारपर्यंत पुसलेल्या, गर्दी लाइनच्या आत आलेली, लाइन्समनच्या खांद्यामागं यजमान गावचे पंचवीस पोट्टे उभे अन् झेंडा वर गेला की "ए काका, चष्मा लावा नं!" त्या माणसाला रात्री त्याच गावातून मोटरसायकलनं घरी जायचं आहे. त्याचा हात थोडा जड होतोच.

तिसऱ्या प्रकारची चूक मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. ३० सप्टेंबर २०२३, इंग्लंडच्या लीगमधली टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅच. फायनल नव्हती, पण याहून चांगला नमुना नाही. लिव्हरपूलच्या लुइस डियाझनं गोल मारला, लाइन्समननं ऑफसाइड दिलं, व्हीएआरनं तपासलं अन् तो ऑनसाइड निघाला. म्हणजे कॅमेरा बरोबर, रेघ बरोबर. पण व्हीएआरवाल्याला वाटलं की मैदानावर गोल दिलेला आहे, म्हणून तो म्हणाला "चेक कम्प्लीट", म्हणजे आहे ते ठेवा. मैदानावर होतं ऑफसाइड, तेच राहिलं. खेळ सुरू झाला अन् मग खोलीतल्या दुसऱ्याच्या लक्षात आलं, आरडाओरडा झाला, पण खेळ एकदा सुरू झाला की मागं जाता येत नाही असा नियम. नंतर त्या बोलण्याची टेपच बाहेर आली, ऐकून माणूस सुन्न होतो. लाखोंची यंत्रणा अन् एका शब्दाच्या गैरसमजात गोल गेला.

आपल्याकडचं असंच मोठं प्रकरण म्हणजे ३ मार्च २०२३, आयएसएलची, म्हणजे आपल्या देशातल्या फुटबॉल लीगची, बाद फेरी, बेंगळुरू विरुद्ध केरला ब्लास्टर्स. एक्स्ट्रा टाइममध्ये फ्री किक मिळाली, केरळवाले भिंत लावत होते, गोलकीपर जागेवर नव्हता अन् बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं तेवढ्यात बॉल जाळ्यात टाकला. केरळच्या कोचनं टीमच मैदानाबाहेर बोलावली, मॅच बेंगळुरूला दिली, केरळला ४ कोटींचा दंड अन् कोचवर १० मॅचची बंदी. नियम काय सांगतो? फ्री किकसाठी शिट्टीची वाट पाहायची गरज नसते, पटकन मारता येते, पण रेफरीनं एकदा "शिट्टीवर मारा" म्हणून खूण केली, भिंत मागं सरकवायला लागला, की मग शिट्टीशिवाय चालत नाही. सगळं भांडण एवढंच की तशी खूण झाली होती की नाही. भारतात व्हीएआर नव्हतंच, पण असतं तरी हा वाद त्याच्या चार कामांत नीट बसत नव्हता. रेफरीनं साफ खूण करून मोठ्यानं सांगितलं असतं तर हे घडलंच नसतं.

अन् इथंच मला वाटते पाहणाऱ्याचा खरा त्रास आहे. चुकीपेक्षा न सांगण्याचा. क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर काय पाहून राहिला, काय बोलून राहिला हे आपण ऐकतो, निर्णय पटला नाही तरी कळते की कशामुळं दिला. फुटबॉलमध्ये तो कानाला बोट लावून उभा राहतो, हवेत चौकोन काढतो, बस्स. स्टेडियममध्ये पैसे भरून बसलेल्याला तर टीव्हीवाल्याइतकंही समजत नाही. २०२३ पासून फिफानं आपल्या स्पर्धांमध्ये रेफरीला माइकवर निर्णय सांगायला लावलं, महिला वर्ल्ड कपमध्ये तसं झालं, निर्णय तेच राहिले पण गोंधळ कमी झाला.

२०२२ च्या फायनलचं उदाहरण घ्या. फ्रान्सच्या लोकांनी मॅच परत खेळवा म्हणून ऑनलाइन अर्ज केला, दोन लाखांवर सह्या. तिकडून आणखी एक ओरड होती की अर्जेंटिनाच्या तिसऱ्या, म्हणजे मेस्सीनं मारलेल्या गोलच्या वेळी अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू आनंदात मैदानात शिरले होते. पोलंडचा रेफरी मार्चिनियाकनं पत्रकारांसमोर स्वतःचा मोबाइल काढला अन् एम्बाप्पेच्या गोलच्या वेळी फ्रान्सचे सात जण मैदानात घुसलेले असल्याचा फोटो दाखवला. तो पानठेल्यावर बसायच्या लायकीचा माणूस आहे.

शेवटचा प्रश्न नेहमीचा, चूक सिद्ध झाली तर मॅच परत काऊन खेळवत नाहीत? कारण काय घडलं याबद्दलचा रेफरीचा निर्णय, गोल झाला की नाही हेसुद्धा, नियमानुसार अंतिम असतो. दोहाचा गोल त्यातच मोडतो. पण रेफरीनं नियमच चुकीचा लावला तर गोष्ट वेगळी. सप्टेंबर २००५, वर्ल्ड कप क्वालिफायर, उझबेकिस्तान बहारीनविरुद्ध १-० पुढं होतं. त्यांना पेनल्टी मिळाली, गोलही झाला, पण मारायच्या आधी उझबेकचाच एक खेळाडू बॉक्समध्ये शिरला होता. नियमानं पेनल्टी परत मारायला द्यायची, रेफरीनं बहारीनला फ्री किक दिली. उझबेकिस्ताननं तक्रार केली, आम्हाला ३-० नं विजयी करा म्हणाले. फिफानं मान्य केलं की रेफरीनं नियम चुकवला, अन् पूर्ण मॅच पहिल्यापासून खेळायला लावली. ती १-१ सुटली, दुसरी लेग, म्हणजे बहारीनच्या घरची परतीची मॅच, ०-०, अन् बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढं, या तेव्हाच्या नियमानं त्या एका गोलवर पुढं गेलं बहारीन.